पहिल्या आवृत्तीत काय घ्यायचं? दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

2023 च्या उन्हाळ्यात कोल्हापूरकडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने गावपातळीवरच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करायला घेतलं. टीम पाच जणांची. मी बाहेरचा सल्लागार. पहिल्या आवृत्तीत काय घ्यायचं आणि काय पुढे ढकलायचं, एवढ्याच प्रश्नासाठी त्यांच्याबरोबर बसत होतो. कंपनी, संस्था, संघ आणि माणसं यांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत.

ज्यांनी दूध संस्थेचं काम जवळून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी आधी ते समजून घेऊ. सकाळ-संध्याकाळ सभासद किटली नाहीतर कॅन घेऊन येतो. दुधाचं वजन होतं, नमुना मशीनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) निघतात. गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ, म्हशीच्या दुधाला 6.0 आणि 9.0 हे पाया धरून दरपत्रक बनलेलं असतं. प्रत वर गेली की दर वाढतो, खाली आली की कापला जातो. लिटर गुणिले दर ही त्या पाळीची रक्कम. ती सभासदाच्या कार्डावर चढते. महिन्याचे तीन भाग पाडलेले असतात: 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 ते महिनाअखेर. प्रत्येक भाग संपला की बिल निघतं. त्यातून पशुखाद्याची पोती, उचल, ठेव, पतसंस्थेचा हप्ता अशा कपाती जातात आणि उरलेली रक्कम सभासदाच्या हातात पडते.

बऱ्याच घरांत बाजारहाट, दवाखाना, पोरांची फी याच रकमेवर चालतं. ऊसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, दुधाचे दहा दिवसांनी. त्यामुळे बिल एक दिवस जरी लांबलं तरी सेक्रेटरीच्या दारात माणसं येऊन बसतात. पुढचे सगळे निर्णय या एका वस्तुस्थितीवर उभे आहेत.

आवृत्ती वापरून पाहायला तीन संस्था तयार झाल्या: एक मोठी, एक मध्यम आणि एक अगदी लहान. मोठीत जुनं, संगणकावरचं एक सॉफ्टवेअर होतं, पण ते करून देणारा माणूस आता फोन उचलत नव्हता. बाकी दोन ठिकाणी वही आणि कॅल्क्युलेटर.

मागण्यांची यादी

कंपनीच्या मालकांनी सुरुवात सगळे करतात तशीच केली. संस्थांमध्ये फिरले आणि "तुम्हाला काय काय पाहिजे?" असं विचारत गेले. चेअरमनना घरबसल्या मोबाईलवर आजचं संकलन दिसायला हवं होतं. सेक्रेटरीला पशुखाद्याच्या पोत्यांचा साठा, उधारी आणि दिवाळीच्या दूध फरकाचा, म्हणजे वर्षभराच्या दुधावर सभासदाला मिळणाऱ्या जादा रकमेचा, हिशेब हवा होता. सभासदांना प्रत्येक पाळीचा एसएमएस हवा होता. संस्था ज्याला दूध घालतात त्या दूध संघाच्या सुपरवायझरला त्यांच्या नमुन्यातली फाईल हवी होती. एका संचालकांनी जनावरांच्या लसीकरणाच्या तारखांची आठवणही सुचवली.

जूनपर्यंत ऑफिसची एक भिंत चिठ्ठ्यांनी भरली होती. यातली एकही मागणी खोटी किंवा हौसेची नव्हती, आणि निवड अवघड झाली ती त्यामुळेच. फालतू मागणी काढून टाकता येते. इथे प्रत्येक चिठ्ठीमागे एका माणसाची खरी गैरसोय होती.

टीमने मग गुण देऊन पाहिलं. प्रत्येकाने प्रत्येक चिठ्ठीला उपयोग आणि मेहनत असे दोन आकडे दिले, बेरीज-वजाबाकी झाली. सगळ्यात वर आलं सभासदांसाठीचं मोबाईल ॲप. बिल आलं मधोमध कुठेतरी, कारण बिलाला मेहनत फार आणि दाखवायला चकचकीत काही नाही.

ही पद्धत इथे लागू पडत नव्हती. गुण सुट्या सुट्या गोष्टींना दिले जातात, आणि संस्थेच्या कामात सुटं काहीच नाही. वजन चुकलं तर लिटर चुकतात, लिटर चुकले तर रक्कम, रक्कम चुकली तर बिल. शिवाय "काय पाहिजे?" या प्रश्नाला माणूस आपल्याकडे नसलेल्या गोष्टी सांगतो. रोज नकळत हातून होणारी कामं तो सांगत नाही, कारण ती त्याला कामं वाटतच नाहीत. मशीन बंद पडलं तर कालच्या फॅटने नोंद करायची, संघाकडे जाण्याआधी गावात किरकोळ दूध विकायचं आणि ते एकूणातून वजा धरायचं, एकाच घरातलं गायीचं आणि म्हशीचं दूध दोन ओळींत लिहायचं. यातलं काहीच भिंतीवर नव्हतं.

प्रश्नाचं खरं रूप

मध्यम संस्थेच्या सेक्रेटरींनी एका बैठकीत जे सांगितलं त्यावरून पुढची दिशा ठरली. टीममधली एक मुलगी त्यांना समजावत होती की सुरुवातीला फक्त संकलनाची नोंद संगणकावर करा, बिल सध्या वहीतच राहू दे, दोन महिन्यांनी तेही देऊ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं काम चांगलं आहे. पण दोन वह्या मी चालवणार नाही. पहाटे पाचला उघडतो, रात्री नऊला बंद करतो. एक तर तुमचं चालंल, नाहीतर माझं."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. संकलन संगणकावर आणि बिल वहीवर म्हणजे दहा दिवसांच्या वीस पाळ्यांचे आकडे पुन्हा हाताने उतरवायचे. इतकी दुप्पट मेहनत कोणी दोन महिने घेत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी संगणक बाजूला सरकवला जातो आणि पुढे कंपनीने कितीही चांगली आवृत्ती आणली तरी "ते आमच्याकडे चाललं नाही" हा शेरा गावात कायमचा बसतो.

म्हणून प्रश्न असा मांडला: पहिल्या दुधाच्या नोंदीपासून बिलाचे पैसे हातात पडेपर्यंत एक पूर्ण फेरा वही न उघडता पार पडतो का? ज्याच्याशिवाय फेरा तुटतो ते आत. बाकीचं कितीही आकर्षक असलं तरी बाहेर.

तोललेले पर्याय

मालकांचा कल सगळं एकदम देण्याकडे होता. दिवाळीपर्यंत वेळ घ्यायचा आणि भरगच्च पॅकेज आणायचं, कारण बाजारात आधीपासून असलेल्या कंपन्यांकडे हे सगळं आहे आणि त्यांच्या शेजारी आपण तोकडे दिसू. ही भीती रास्त होती. पण इतकं सगळं एकाच वेळी गावात उतरवलं तर नेमकं काय बिघडतंय हे कळायला मार्ग राहत नाही, आणि पाच माणसांत तीन संस्थांचे फोनही घेता येत नाहीत.

दुसरा पर्याय फक्त संकलनाचा. तो वरच्या संभाषणात निकालात निघाला.

तिसरा उलट बाजूने होता: संकलन वहीतच राहू द्या, सेक्रेटरी दिवसाच्या शेवटी आकडे भरतील आणि सॉफ्टवेअर बिल काढेल. मशीनची जोडणी, वजनकाट्याची जोडणी, प्रत्येक पाळीला सभासदाला द्यायची छापील चिठ्ठी, सगळं वाचलं असतं. लहान संस्थेला हे चाललंही असतं. मोठीत एका पाळीला येणारी माणसं पाहता रात्री बसून आकडे भरणं अशक्य होतं.

निवडला गेला तो चौथा पर्याय: फेरा पूर्ण ठेवायचा आणि संस्थांचे प्रकार कमी करायचे. एकाच संघाला दूध घालणाऱ्या संस्था, एकाच कंपनीचं दूध तपासणी मशीन, एकाच प्रकारचा काटा. गाय-म्हैस दोन्ही मात्र ठेवायचे, कारण या भागात एका गोठ्यात दोन्ही असतात आणि एक सोडलं तर अर्धं गाव वहीवर राहतं. मला आजही हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो. रुंदी कापली, लांबी शाबूत ठेवली. बहुतेक टीम याच्या उलट करतात. सगळ्यांना थोडं थोडं देतात आणि कोणाचंच काम शेवटाला जात नाही.

सुरुवातीचा दिवसही फेऱ्यावरून ठरला. महिन्याच्या मधल्या कुठल्याही तारखेला चालू केलं असतं तर अर्धं बिल वहीत आणि अर्धं संगणकात गेलं असतं. म्हणून 1 सप्टेंबरची सकाळची पाळी पक्की केली. पावसाळा सरत आलेला असतो, चारा भरपूर आणि दूधही चढतं. कामाचा ताण खरा असेल तेव्हाच तपासणी खरी होते, असं मालकांचं मत पडलं आणि ते मला पटलं.

काट्यावरचे बारीक निर्णय

यादीत नसलेली आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट होती आकडेमोडीची पद्धत. काटा वजन किलोत दाखवतो, पैसे लिटरवर मिळतात. दुधाची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, म्हणून किलोला 1.03 ने भागायचं. पण एका संस्थेत 1.027 ने भागत होते. दहा किलोला पहिल्या रीतीने 9.71 लिटर होतात, दुसऱ्या रीतीने 9.74.

एसएनएफचंही तसंच. काही ठिकाणी लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजणाऱ्या नळीची) डिग्री घेऊन सूत्राने एसएनएफ काढतात. एका प्रचलित सूत्रात डिग्रीचा चौथा हिस्सा, अधिक फॅटच्या 0.25 पट, अधिक 0.44, दुसऱ्यात फॅटच्या 0.21 पट आणि 0.36. डिग्री 28 आणि फॅट 3.8 असलेलं दूध पहिल्या सूत्राने 8.39 येतं, दुसऱ्याने 8.16. दरपत्रक एसएनएफच्या एकेका दशांशावर सरकत असताना हा फरक सभासदाच्या खिशातून जातो.

टीममधल्या प्रोग्रामरचा आग्रह होता की "शास्त्रीय" सूत्र एकच असावं आणि तेच सगळ्यांना लावावं. मी विरोध केला. पहिल्या आवृत्तीने गावाचा हिशेब बदलायचा नसतो. कालपर्यंत वहीत जी रक्कम येत होती तीच आज पडद्यावर यायला हवी, पैशापर्यंत. नाहीतर सॉफ्टवेअर चुकलं असंच लोक म्हणतील, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच असेल. भागाकार, सूत्र आणि दशांश तोडायचा की जवळच्या आकड्याला न्यायचा हे तिन्ही संस्थेनुसार ठरवण्याची सोय आत घेतली. वर दिसायला काहीच नाही, पण फेरा त्याच्याशिवाय उभा राहत नव्हता.

कपातींचं प्रकरण

पशुखाद्याच्या साठ्याचा विभाग सेक्रेटरींना मनापासून हवा होता. पोती किती आली, किती गेली, कोणाकडे किती बाकी. पण तो विभाग म्हणजे स्वतंत्र दुकानच: खरेदी, विक्री, जीएसटी, शिल्लक. तो आत घेतला असता तर सप्टेंबर गाठणं शक्य नव्हतं. आणि पूर्ण बाहेर ठेवला असता तर कपाती होणार नाहीत, म्हणजे बिल तुटणार.

इथे टीमने जे केलं ते मला फार आवडलं. साठा बाहेर ठेवला आणि बिलात कपातीच्या साध्या ओळी दिल्या: नाव लिहा, रक्कम लिहा. "पशुखाद्य 2 पोती", "उचल", "पतसंस्था", सेक्रेटरी काय लिहील ते. पोत्यांचा हिशेब त्यांच्या वहीत राहिला, कारण ती वही वेगळीच होती आणि रोज उघडावी लागत नव्हती. बिल मात्र पूर्ण झालं. एखादी सोय पूर्ण द्यायची किंवा अजिबात नाही असं दरवेळी नसतं. फेऱ्याला तिचं जेवढं टोक लागतं तेवढंच देता येतं.

दिवाळीचा दूध फरक बाहेर ठेवणं त्या मानाने सोपं गेलं. तो वर्षभर घातलेल्या दुधावर निघतो आणि सप्टेंबरपासूनच्या नोंदी असलेल्या सॉफ्टवेअरकडे त्या वर्षाचं दूधच नसतं. सेक्रेटरींना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच मान हलवली.

दुरुस्ती कोणी करायची?

सगळ्यात जास्त वाद झाला तो झालेली नोंद बदलण्याच्या सोयीवरून. मोठ्या संस्थेच्या चेअरमनचं म्हणणं स्पष्ट होतं: एकदा नोंद झाली की कोणालाच बदलता येऊ नये. गावात अशा गोष्टींवरून निवडणुका लढल्या जातात. सेक्रेटरींचं म्हणणंही तितकंच स्पष्ट होतं: रांगेत चाळीस माणसं उभी असताना 124 च्या जागी 142 नंबर पडतो. एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर गेलं आणि ते दुरुस्त करता आलं नाही तर भांडण माझ्या दारात.

टीमने आधी तडजोड म्हणून चेअरमनच्या पासवर्डने दुरुस्ती सुचवली. व्यवहारात काय होईल ते लगेच दिसलं: चेअरमन पहाटे पाचला संस्थेत नसतात, म्हणून पासवर्ड कागदावर लिहून काट्याशेजारी चिकटवला जाईल.

शेवटी ठरलं असं. बिल पक्कं होईपर्यंत सेक्रेटरीला दुरुस्ती करता येईल, पण जुना आकडा पुसला जाणार नाही. बिलावर त्या पाळीच्या ओळीत आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे छापले जातील. बिल पक्कं झाल्यावर मागे जाता येणार नाही. फरक असेल तर पुढच्या बिलात वेगळ्या ओळीने. चेअरमनना हे पटायला वेळ लागला. लहान संस्थेतल्या एका आज्जींनी छापलेलं नमुन्याचं बिल हातात घेऊन दोन आकड्यांवर बोट ठेवत विचारलं, "म्हंजे ह्यानं खोडलं तर मला दिसणार?" "दिसणार" म्हटल्यावर त्यांनी बिल घडी घालून कमरेला लावलं. हे पाहायला चेअरमन तिथेच होते. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

चिठ्ठी आणि एसएमएस

एसएमएस सभासदांची पहिली मागणी होती आणि ती बाहेर ठेवायला सगळ्यांनाच जड गेलं. कारणं मात्र ठोस होती. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नियमांनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर पाठवणाऱ्याची, त्याच्या शीर्षकाची आणि मजकुराच्या साच्याची दूरसंचार कंपन्यांकडे आधी नोंदणी लागते. प्रत्येक संस्थेच्या नावाने पाठवायचं तर प्रत्येक संस्थेची कागदपत्रं. खर्चाचंही गणित होतं. देवनागरीत एका एसएमएसमध्ये 70 अक्षरंच मावतात, रोमनमध्ये 160, आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. तारीख, पाळी, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम मराठीत लिहिली की दोन एसएमएसचे पैसे. दिवसाला दोन पाळ्या, म्हणजे एका सभासदामागे महिन्याला सव्वाशेच्या घरात. हे पैसे कोण भरणार याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

त्याऐवजी छापील चिठ्ठी घेतली. तिथेही अडचण आली. स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी नसते, मजकूर चित्र करून पाठवावा लागतो आणि छपाई रेंगाळते. रांगेत प्रत्येक माणसामागे तीन-चार सेकंद वाढले की शेवटचा माणूस टँकर सुटेपर्यंत उभा राहतो. टीमने सभासदाचं नाव काढलं आणि फक्त खाते नंबर ठेवला. ठरलेल्या मथळ्याची चित्रं आधीच बनवून ठेवली आणि आकडे प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरांत दिले. चिठ्ठी वेगाने निघू लागली.

इंटरनेटशिवाय चालणं हा मुद्दा चर्चेचा नव्हताच. संध्याकाळच्या पाळीला वीज जाते, नेटवर्क जातं, दूध थांबत नाही. सगळा डेटा संस्थेतल्याच संगणकात, रात्री पेन ड्राईव्हवर प्रत. चेअरमनच्या मोबाईलवर आकडे दाखवणं त्यामुळे आपोआप पुढे गेलं.

पहिला फेरा

1 सप्टेंबरला तिन्ही ठिकाणी टीममधली माणसं पहाटेपासून हजर होती. संकलन बऱ्यापैकी सुरळीत गेलं. अडचण आली ती 11 तारखेला, बिल काढताना. काही सभासदांची जनावरं आटलेली होती. दूध थोडं आणि पोत्यांची कपात मोठी. बिल उणे आलं. सॉफ्टवेअर उणे रक्कम छापत होतं, पण ती बाकी पुढच्या बिलात ओढत नव्हतं. सेक्रेटरींनी तसली नावं कागदावर काढून ठेवली आणि बाकीची बिलं वेळेत वाटली. 20 तारखेच्या आत टीमने बाकी पुढे ओढायची सोय दिली. संपूर्ण उन्हाळ्यात उणे बिलाचा उल्लेख कोणीही केला नव्हता. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "ते तर असतंच की."

21 ते महिनाअखेर हा भाग कधी आठ, कधी दहा, कधी अकरा दिवसांचा होतो, हे मात्र आधीच धरलेलं होतं. त्यामुळे ऑक्टोबरच्या 31 तारखेने काही त्रास दिला नाही.

परिणाम

दिवाळीपर्यंत तिन्ही संस्थांत दुधाच्या हिशेबाची जुनी पद्धत बंद झाली होती. मोठ्या संस्थेत पहिल्या फेऱ्यात सेक्रेटरींनी गुपचूप जुनी पद्धतही चालवली होती. दोन्ही आकडे जुळले आणि मग त्यांनी ती सोडली. सूत्रं संस्थेनुसार ठेवण्यावर घालवलेला वेळ इथे कामी आला.

खरी कसोटी जानेवारी 2024 मध्ये आली. राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान जाहीर केलं, 11 जानेवारीपासूनच्या दुधाला. पैसे थेट शेतकऱ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जाणार होते आणि जनावरांच्या कानात बिल्ला असणं, त्याची पोर्टलवर नोंद असणं ही अट होती. भिंतीवरच्या एवढ्या चिठ्ठ्यांत हे कुठेच नव्हतं. असणं शक्यही नव्हतं. सभासदाच्या नोंदीत बँक खातं आणि 12 अंकी बिल्ला क्रमांक हे रकाने टाकावे लागले, माहितीची फाईल काढून द्यावी लागली. पण गाय आणि म्हैस पहिल्या दिवसापासून वेगळ्या ओळींत असल्याने गायीचं दूध किती हे काढायला कष्ट पडले नाहीत. खात्यांचे नंबर गोळा करण्यातच दिवस गेले. आसपासच्या काही संस्थांचे सेक्रेटरी याच सुमाराला सॉफ्टवेअर पाहायला येऊ लागले.

सभासदांचं मोबाईल ॲप, जे गुणांच्या यादीत पहिलं होतं, त्याबद्दल या काळात विचारणा झाली ती मुख्यतः संचालकांकडून. सभासदाला चिठ्ठी पुरत होती. तक्रार वेगळीच आली: थर्मल कागदावरची छपाई उन्हाने उडते आणि बिलाशी ताडून पाहायला घरी जपलेल्या चिठ्ठ्या कोऱ्या निघतात. बिलावर सगळ्या पाळ्या छापलेल्या असतात, तरी स्वतःच्या कागदाशी जुळवून पाहायचं समाधान लोकांना हवं होतं. ते योग्यच होतं.

वेगळं काय करता आलं असतं?

पहिलं म्हणजे मागण्या विचारत फिरण्याऐवजी टीमने मे महिन्यात एका संस्थेत बिलाच्या दिवशी बसायला हवं होतं, 11 तारखेला सकाळपासून वाटप संपेपर्यंत. संकलन पाहायला सगळे गेले, कारण तिथे मशीन आहे, रांग आहे, पाहण्यासारखं काही आहे. बिल काढणं म्हणजे एक माणूस टेबलावर मान खाली घालून बसलेला. उणे बिलं, दोन भावांचं एकत्र खातं, मयत सभासदाच्या नावावर अजून येणारं दूध, हे सगळं त्या टेबलावर एका दिवसात दिसलं असतं. आटलेल्या जनावरांचा हंगाम उन्हाळ्यातच असतो, म्हणजे उणे बिलं तेव्हाच जास्त.

कार्ड काढून टाकण्याची घाई टाळायला हवी होती. हाताने लिहिलेलं दुधाचं कार्ड चिठ्ठी आल्यावर बंद केलं गेलं. ते आणखी काही फेरे चालू ठेवलं असतं तर सेक्रेटरींचं काम थोडं वाढलं असतं, पण कोऱ्या चिठ्ठ्यांवरून झालेले वाद टळले असते. मध्यम संस्थेने नंतर कार्ड पुन्हा सुरू केलं आणि आता ते सभासद स्वतःच चिठ्ठीवरून भरतात.

एसएमएसबद्दल माझं मत टीमहून थोडं वेगळं आहे. प्रत्येक पाळीचा नको, हे बरोबर. पण बिल पक्कं झालं की सभासदामागे एक, म्हणजे महिन्याला तीन, एवढा खर्च संस्थांनी आनंदाने केला असता. नोंदणीची कागदपत्रं जूनमध्येच सुरू केली असती तर सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला ते शक्य होतं. "एसएमएस" ही एकच चिठ्ठी म्हणून भिंतीवर होती आणि ती आत की बाहेर एवढंच पाहिलं गेलं. कपातींच्या बाबतीत जसं तिचं लागेल तेवढं टोक घेतलं, तसं इथे झालं नाही.

पशुखाद्याचा विभाग 2024 च्या पावसाळ्यात करायला घेतला. त्या वेळी टीममधली तीच मुलगी आधी गोदामात जाऊन बसली, गाडी खाली होताना पोती मोजत. फाटलेलं पोतं कोणाच्या नावावर धरायचं, हा तिच्या वहीतला पहिला प्रश्न होता.